शांततेचं दुखणं

आत्या: आणि या पाच बॅगा कशाला आणल्यास? मला न्यायला येणाऱ्या माणसाने मोकळ्या हाताने यावं. एक हात माझ्या पेटीला लागणार, दुसरा मला.

भाचा: तुला न्यायला? आत्या, मी राहायला आलोय.

आत्या: किती दिवस?

भाचा: दिवस नाही. कायमचा. फोनवर म्हटलं होतं ना, मी येतोय, बाकीचं समोरासमोर बोलू.

आत्या: त्यावरून मी काय समजायचं? मला वाटलं, 'आत्या, चल माझ्याकडे' असं म्हणायला पोरगं लाजतंय.

भाचा: आणि तू म्हणालीस, 'ये, मी सगळं आवरून ठेवलंय.' मला वाटलं, माझ्यासाठी खोली आवरलीस.

आत्या: खोली कशाला, अख्खं घर आवरलं. कपाट दिलं, गाद्या दिल्या, भांडी वाटून टाकली. आता दोन खुर्च्या, हा फोन आणि मी. तू बसलायस ती खुर्चीही दिलेलीच आहे. नेणारी बाई भली, म्हणाली, तुम्ही निघेपर्यंत बसा.

भाचा: माझी खाट?

आत्या: ती पहिली गेली. एका पायाने लंगडी होती, पण मी सांगितलं, या खाटेवर झोपणारा मुलगा आज अख्ख्या शहराला पत्ते वाटतो. माणसाने डोक्यावर घेऊन नेली.

शेजारीण: दार लोटलेलंच आहे, येते ग आत. ही घे तुझी पेटी. कडी जरा घट्ट आहे, दहा-बारा वेळा उघडझाप कर म्हणजे वळणावर येईल. अरे, चिमण? कधी आलास? केवढा झालायस.

आत्या: मागच्या खेपेला आला तेव्हा दाराची चौकट तासून उंच करावी लागली.

शेजारीण: चौकट वाळवीने खाल्ली होती म्हणून तासली. याच्या डोक्याचा काही संबंध नव्हता.

आत्या: बघ. चाळीस वर्षं भिंतीला भिंत. माझी एक गोष्ट धड शेवटाला जाऊ देत नाही.

भाचा: मावशी, म्हणजे तुम्हाला माहीत होतं ही निघालीय? आणि तुम्ही वर हिला पेटी बनवून दिलीत?

शेजारीण: मागितली, दिली. माझं काम पत्र्याचं, सल्ल्याचं नाही. आणि तुझ्या या बॅगा?

आत्या: हा राहायला आलाय म्हणे. कायमचा.

शेजारीण: इथे? कशावर झोपणार?

भाचा: मला झोपायलाच तर यायचंय, मावशी. दोन महिने झाले, रात्रीचा डोळ्याला डोळा नाही. शहराला कंटाळलोय. इथे शांतता आहे.

शेजारीण: कुठे?

भाचा: इथे. आत्या दर रविवारी फोनवर सांगते. दुपारी इतकं शांत असतं की पलीकडच्या घरातली मांजर जांभई देते ती ऐकू येते.

शेजारीण: पलीकडच्या घरात मी राहते. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा पत्रा ठोकते. मला माझी जांभई ऐकू येत नाही. आणि मांजर मी पाळलीच नाही.

भाचा: आत्या?

आत्या: आता तू एवढ्या लांब. तुला काय सांगायचं? की मागच्या बाजूला लोखंडी ग्रिलचा कारखाना आलाय, आणि वेल्डिंग सुरू झालं की माझा दिवा मिचमिचतो? तू काळजी करत बसला असतास. म्हणून मांजर सांगितली.

भाचा: आणि तू म्हणालीस, रस्त्यावरून दिवसात एकच गाडी जाते, तीही ढकलत नेतात, कुणाची झोप मोडू नये म्हणून.

शेजारीण: ढकलत नेतात कारण ती सुरू होत नाही.

आत्या: एवढं तरी खरं निघालं की नाही?

भाचा: मी नोकरी सोडून आलोय, आत्या. दहा दिवसांपूर्वी राजीनामा दिला. खोलीही सोडतोय. आज पाच वाजता घरमालक किल्ली घ्यायला येणार आहे. बायको तिकडे थांबलीय. तो आला की ती इथे फोन करेल, मी हो म्हणेन, ती किल्ली देईल आणि उद्या इकडे येईल.

आत्या: इथे कशाला फोन? तुझ्या खिशात आहे की.

भाचा: त्याला इथे रेंज नाही.

शेजारीण: ग्रिलवाले आल्यापासून नाही.

आत्या: किती वाजले?

शेजारीण: साडेचार होतायत.

आत्या: म्हणजे अर्धा तास. चिमण, नीट ऐक. ती खोली सोडायची नाही. त्या खोलीत मी येतेय. महिनाभर तयारी करतेय मी.

भाचा: पण का? या वयात माणसं शहरातून गावाकडे येतात.

आत्या: येणाऱ्यांना तिथे कंटाळा आला असेल. मला इथे आला. तुझं शहर वाढतंय, माझं गाव मला पाठ झालंय. तूच सांगितलंस ना, नंबराची पाटी लावायला शिडीवर चढलास तेव्हा इमारत चार मजली होती आणि उतरलास तेव्हा पाच?

भाचा: ते मी आपलं गमतीने...

आत्या: सकाळी कामावर जाताना नसलेली गल्ली संध्याकाळी येताना लागते, आणि तिच्यात एक म्हातारा वीस वर्षं राहत असल्यासारखा खुर्ची टाकून बसलेला असतो. हे कोण म्हणालं?

शेजारीण: थांब ग जरा. हा नक्की करतो तरी काय तिथे? मागे हिने सांगितलं, हा शहराचा नकाशा काढतो. त्याच्या आधी सांगितलं, याने मान हलवल्याशिवाय घर उभं राहत नाही.

भाचा: मावशी, मी घरांना नंबर लावायचो. नवीन इमारत झाली की ऑफिसातून यादी यायची. पाटी, दोन स्क्रू, ड्रिल आणि शिडी. दारावर पाटी लावायची, यादीत खूण करायची, पुढचं दार.

शेजारीण: एवढंच?

आत्या: एवढंच कसं? तो पाटी लावत नाही तोवर पोस्टमनला ते घर दिसतच नाही. भिंतीवर आपटतो तो.

शेजारीण: याला विचारतेय मी.

भाचा: एवढंच, मावशी.

आत्या: आणि माणसं? ती कोण सांगणार? हवामान खात्यातून निवृत्त झालेले काका आहेत याच्या वरच्या मजल्यावर. खिडकीतून नुसता हात बाहेर काढतात आणि खाली ओरडतात, 'वीस मिनिटं आहेत, कपडे काढा.' सगळ्या बायका पळत सुटतात दोरीकडे. एकदा नवीन आलेल्या भाडेकरणीचा गैरसमज झाला, तिने पोलीस बोलावले.

शेजारीण: हे बरंय.

आत्या: मग त्या दोघी बहिणी. एकच चष्मा दोघींत. एक वाचते तोवर दुसरी ऐकते, मग चष्मा बदलतात आणि पहिलीने काय वगळलं ते दुसरी वाचते. आणि तो चावीवाला. त्याने सगळ्या गल्लीला एकच चावी करून दिली, म्हणून आता कुणीही कुणाच्याही घरात जाऊन चहा करतं. अशी माणसं आहेत तिथे. इथे कोण आहे मला? ही. मी तोंड उघडलं की ही शेवट सांगून मोकळी होते.

शेजारीण: खरा शेवट सांगते.

आत्या: तोच तर त्रास आहे. वाण्याकडे गेले तर तो म्हणतो, आत्याबाई, ती नको, ती ऐकलीय, ती टेलिफोन एक्स्चेंजमधली सांगा. फर्माइश करतात मला. गोष्ट सांगायला माहीत नसलेला माणूस लागतो, चिमण. या गावात असा माणूस शेवटचा जन्मला त्याला आता शाळेत घातलंय, आणि तोही परवा मला म्हणाला, आजी, हे खोटं आहे. तुझ्या शहरात रोज शेकड्याने नवी माणसं येतात म्हणतोस. रोज. एकेकाला पकडून पहिल्यापासून सांगता येईल.

शेजारीण: एक्स्चेंज बंद पडलं तेव्हापासून हिचं हे सुरू झालंय. तिथे होती तोवर बरं होतं. सगळा माल तिथेच खपायचा.

आत्या: मी नोकरी केली तिथे. तीस वर्षं.

शेजारीण: नोकरी नाही, उद्योग केलेस. याला माहीत आहे का, लाइन खराब असली की ही मध्ये बसून काय करायची? इकडच्याला म्हणायची, तुमचं त्यांना ऐकू येत नाही, मला सांगा, मी सांगते. तिकडच्यालाही तेच. आणि मग दोघांना आपलं-आपलं सांगायची.

आत्या: निरोप पोचवायची मी. जरा स्वच्छ करून. आपण भाजी धुतो तशी.

शेजारीण: माझ्या लग्नाचं काय केलंस ते सांग की.

आत्या: तूच सांग, मी सांगितलं तर मध्ये पडशील.

शेजारीण: आमचं ठरलं होतं, आणि याच्या काकांचा, म्हणजे माझ्या त्यांचा, फोन आला. ते म्हणाले, 'घरी विचारून कळवतो.' म्हणजे नकार, मला काय कळलं नसतं? पण मला ऐकूच आलं नाही. हिने सांगितलं, 'ते म्हणतायत, रविवारी निघतोय.' मी म्हटलं, 'बरं.' तर हिने त्यांना सांगितलं, 'ती रडतेय हो, बोलवत नाहीये तिला.'

भाचा: मग?

शेजारीण: मग काय, आले रविवारी. बिचारे घाबरून आले. लग्न झाल्यावर सहा महिन्यांनी दोघांनी ताळा केला तेव्हा कळलं, कोण काय म्हणालं होतं.

आत्या: बत्तीस वर्षं संसार केलास की नाही?

शेजारीण: केला. त्यांना पत्र्याची पेटी सोड, झाकण बनवता येत नव्हतं. म्हणून मी शिकले.

आत्या: म्हणजे धंदाही मीच लावून दिला तुला.

भाचा: आत्या, पंधरा मिनिटं राहिलीत. मला गंभीरपणे बोलायचंय.

आत्या: बोल की. तोवर मी पेटी भरते. हे बघ, हा मफलर विणलाय हवामानवाल्या काकांना. हात बाहेर काढतात तर गळ्याला वारा लागत असेल. आणि ही चष्म्याची फ्रेम, दोघी बहिणींना दुसरी. काचा तुझी बायको बसवून देईल, चष्म्याच्या दुकानातच आहे ती. चावीवाल्याला काय न्यावं ते सुचेना, म्हणून हा जुन्या किल्ल्यांचा जुडगा घेतला. एकही कुठे लागत नाही. त्याला आवडेल.

भाचा: आत्या, ते परत ठेव.

आत्या: का? मफलर लाल नको का?

भाचा: ते कुणी नाहीत.

आत्या: गेले? खोली बदलली त्यांनी?

भाचा: नव्हतेच. वरच्या मजल्यावर कोण राहतं मला माहीत नाही. रात्री खुर्ची सरकवल्याचा आवाज येतो, तेवढंच. बहिणी नाहीत. चावीवाला नाही. रविवारी तू विचारायचीस, 'या आठवड्यात कोण भेटलं?' आणि कुणीही भेटलेलं नसायचं. मग मी शनिवारी रात्री बसून एकेक माणूस तयार करायचो.

आत्या: अकरा वर्षं?

भाचा: पहिल्या वर्षी खरे प्रयत्न केले. दार वाजवायचो. आतून विचारायचे, कोण? मी म्हणायचो, नंबरवाला. ते म्हणायचे, लावा आणि जा. अकरा हजारांच्या वर दारांना पाट्या लावल्या असतील. कुठलं दार चिकटतं, कुठल्या लाकडाला स्क्रू धरत नाही, कुठल्या दारामागे कुत्रं आहे, सगळं तोंडपाठ आहे. एकही दार आतून कसं दिसतं ते माहीत नाही. आणि बायकोची दुकानातली पाळी दहा ते आठ. ती यायची तेव्हा दमलेली असायची. तिलाही मी काय सांगणार?

शेजारीण: आता बोल. भाच्याने तुझ्यावर ताण केली.

आत्या: बोलते. मला जरा बसू दे.

शेजारीण: लागलं का ग मनाला?

आत्या: मनाला कसलं? तीस वर्षं दोन्हीकडची बोलणी ऐकलीत मी. कोण आत काय म्हणतोय आणि बाहेर काय, मला श्वासावरून कळायचं. मला आजवर कुणी फसवलं नाही. आणि हा घरचा. दर रविवारी. चिमण, बहिणी फार सुरेख होत्या. कपड्यांचंही चांगलं जमलं होतं. चावीवाला जरा जास्त झाला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

भाचा: सॉरी, आत्या.

आत्या: सॉरी कशाला? शिकवलं कुणी? पण हा मफलर मी आता कुणाच्या गळ्यात घालू? आठ दिवस विणला. कुणीतरी असेल की. आठव.

भाचा: खालच्या मजल्यावर एक म्हातारे आहेत. मी जिना उतरायला लागलो की त्यांचं दार बोटभर उघडतं. मी खाली पोचेपर्यंत बंद होतं.

आत्या: नाव?

भाचा: माहीत नाही. बारा नंबर.

आत्या: अकरा वर्षं एक माणूस रोज तुझ्यासाठी दार उघडतोय, आणि तू मला चष्म्याच्या बहिणी सांगतोस.

भाचा: तुला कळत नाहीये. मी तिथे परत जाऊ शकत नाही. मला झोप लागत नाही तिथे. इथे लहानपणी मी कसा झोपायचो, ढाराढूर. तीच शांतता पाहिजे मला.

आत्या: कसली शांतता? तू हिच्या हातोडीवर झोपायचास. ही जेवायला थांबली की टक्क जागा होऊन भोकाड पसरायचास. मग ही बिचारी एका हाताने जेवायची आणि दुसऱ्या हाताने रिकामा पत्रा बडवत बसायची. दोन वर्षं.

भाचा: आत्या, आता पुरे. निदान आज तरी काही बनवून सांगू नकोस. मावशी, तुम्हीच सांगा हिला.

शेजारीण: काय सांगू?

भाचा: खरं काय ते.

शेजारीण: अडीच वर्षं.

भाचा: काय?

शेजारीण: दोन नाही, अडीच. तुला हिच्याकडे सोडून तुझे आई-बाबा गेले ते हिवाळ्यात, आणि तू शाळेत गेलास तिसऱ्या पावसाळ्यात. डावा हात अजून दुखतो माझा.

(फोन वाजतो. दुसऱ्या घंटीला आत्या उचलते.)

भाचा: आत्या, माझा आहे. दे इकडे.

आत्या: थांब रे. हॅलो... कोण? बोल ग पोरी... मी? मी बरी आहे की. मला काय झालंय?... उठून बसते का म्हणजे?... चिमण, मी उठून बसते का?

भाचा: आत्या, फोन दे.

आत्या: हो ग, बसते. कुणी आधार दिला तर... दोन्ही गुडघे?... हो, दोन्ही. डावा जरा पुढे आहे... आणि माणसं ओळखत नाही असंही म्हणाला?... नाही ग, आज ओळखतेय. तुझा आवाज ओळखला की नाही?

शेजारीण: ही कुणाच्या गुडघ्यांबद्दल बोलतेय?

भाचा: स्वतःच्या. मी घरी सांगितलं होतं, आत्याला आता एकटं ठेवता येणार नाही. त्याशिवाय बायको नोकरी सोडायला तयार होईना.

शेजारीण: म्हणून हिला अंथरुणाला खिळवलीस?

भाचा: एकदम नाही. पहिल्या महिन्यात एकच गुडघा होता.

आत्या: डॉक्टर ना? कालच येऊन गेले. मोठे डॉक्टर, लांबून आले होते, त्यांनाही सापडेना. शेवटी कानाला नळी लावली... हो, कानाला. आणि म्हणाले, हे शांततेचं दुखणं आहे... असतं ग. कानांना काम उरलं नाही की ते खाली उतरतं आणि गुडघ्यांत बसतं... नाही, औषध नाही. हवापालट. जिथे वर्दळ आहे, रात्री दोनला कुणीतरी भांडतंय, समोर इमारत चढतेय, अशा जागी न्या म्हणाले. महिन्यात चालायला लागेल... आता? आता ऐक ना, तूच ऐक. ऐकू येतंय काही?... काहीच नाही ना? तेच. अशात दिवस काढतेय मी.

शेजारीण: मी ठोकत नाहीये म्हणून ऐकू येत नाही.

आत्या: श्श. नाही ग, तुला नाही. इथे नर्स आहे.

भाचा: आत्या, घरमालक आलाय का विचार. आणि तिला सांग, किल्ली देऊन टाक. मी सांगतोय म्हणून सांग.

आत्या: चिमण म्हणतोय, किल्ली जपून ठेव.

भाचा: आत्या, मी इथे बसलोय. मला ऐकू येतंय.

आत्या: त्याला बोलवत नाहीये ग. गळा दाटून आलाय... काय?... आले दारात? थांबू दे जरा... काय म्हणालीस? परत म्हण... हं... हं... कधी?... आणि हे तू त्याला सांगितलं नाहीस?

भाचा: काय झालं? काय म्हणतेय ती?

आत्या: घे.

भाचा: काय म्हणतेय ते सांग तरी.

आत्या: हे मी नाही सांगणार. माझ्या हातून बदलेल. तू तुझ्या कानाने ऐक.

भाचा: हॅलो... हो, मीच... रडू नकोस. काय झालं?... दुकान तुझ्या हातात देणार होते? अख्खं?... कधी विचारलं त्यांनी?... आणि तू नाही म्हणालीस. मला एका शब्दाने बोलली नाहीस... हो, तू विचार केलास, आत्या अशी आहे आणि आपण... हो. ऐक. ऐक ना. आत्याला काही झालेलं नाही. ठणठणीत आहे ती. गुडघे मी... मीच. सगळं. कारण मला तिथे राहता येत नव्हतं, आणि ते तुला सांगता येत नव्हतं... इथे? इथे तर ग्रिलचा कारखाना आहे... हस तू. हस... मला माहीत नाही. ऑफिसात जाऊन राजीनामा मागे घ्यायचा म्हणून विचारेन. नाही म्हणाले तर दुसरं काही. शहर वाढतंयच, नंबर कुणालातरी लावावे लागणार... नको. किल्ली नको देऊस त्यांना. सांग, आम्ही राहतोय. तिघं... हो, तिघं. विचारतो... आत्या, ती विचारतेय, तुला चौथ्या मजल्यावर चढवायचं कसं? लिफ्ट अजून बसायचीय.

आत्या: सांग, वाटेत बरी होईन.

भाचा: वाटेत बरी होईल म्हणतेय... हो, सातच्या गाडीने निघतो. ठेव.

शेजारीण: नर्स म्हणे.

आत्या: मग काय सांगायचं, हातोडी घेऊन एक बाई उभी आहे?

भाचा: आत्या, मी पुढे जाऊन तिकिटं बघतो. या तीन बॅगा इथेच ठेवतो, मागाहून नेईन. मावशी, तुमच्याकडे ठेवल्या तर चालतील?

शेजारीण: ठेव. पेटीत घालून ठेवते, वाळवी लागणार नाही.

आत्या: आणि चिमण, खिडकीजवळची जागा बघ. आणि शेजारी अनोळखी माणूस.

भाचा: बघतो.

शेजारीण: गेला. पाठमोरा बापासारखा दिसतो.

आत्या: छे, बाप याच्या निम्मा होता. दारात उभा राहिला की घरात सबंध उजेड यायचा.

शेजारीण: हो. तसाच होता.

आत्या: बरं नाहीये का तुला? आज मला खोडून काढलं नाहीस.

शेजारीण: काय म्हणू? कडी लागली का बघ पेटीची.

आत्या: लागली. घराची किल्ली तुझ्याकडे ठेवते. आणि हा फोन. भिंतीला भोक पाडून वायर तुझ्या बाजूला ओढून घे, तुझ्याकडे हत्यारं आहेतच. दर रविवारी करेन. तिथली एकेक माणसं सांगेन तुला. त्या बारा नंबरवाल्यापासून सुरुवात.

शेजारीण: आणि तू सांगशील ते खरं की खोटं, मला इथे बसून कसं कळणार?

आत्या: नाही कळणार.

शेजारीण: मग सावकाश सांग. मला विश्वास ठेवायची सवय नाही.